मातीच्या तिजोरीतील स्फुरद

पेरणीच्या वेळी डीएपीचे ५० किलोचे एक पोते शेतात पडते, तेव्हा सुमारे १० किलो स्फुरद मातीत जाते. तीन टन गहू निघाला, तर दाण्यांबरोबर साधारण तेवढेच स्फुरद शेताबाहेर जाते. हिशेब जुळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्या पोत्यातील १० ते २५ टक्केच स्फुरद पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येते. मग उरलेले गेले कोठे? आणि पिकाची गरज भागली कशातून?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : माती. नत्राप्रमाणे स्फुरद हवेत उडून जात नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी, तर कोकणच्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते. वोल्फ, डी विट आदी शास्त्रज्ञांनी १९८७ साली या व्यवहाराचे गणिती प्रतिमान मांडले. त्यात मातीतील स्फुरदाचे दोन साठे कल्पिले आहेत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर एक गल्ला आणि दुसरी तिजोरी. पीक गल्ल्यातूनच घेते. गल्ल्यात भर पडली की काही भाग तिजोरीत जातो. गल्ला रिता होऊ लागला की तिजोरीतून सावकाश परत येतो.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील एका शेतात १८५६ ते १९०१ या काळात दिलेल्या स्फुरदाचा लाभ पुढील अनेक दशके पिकांना मिळत राहिला. १९६५ ते २००७ या काळात युरोपातील पीकजमिनीला हेक्टरी सुमारे १,१०० किलो स्फुरद मिळाले. पिकांनी उचलले सुमारे ३६० किलो. १९८०च्या दशकापासून तेथे खताची मात्रा घटली, तरी पिकांची उचल वाढतच राहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याच दोन कप्प्यांच्या प्रतिमानातून त्याचा उलगडा केला.

भारताच्या दृष्टीने हा विषय अर्थकारणाचाही आहे. स्फुरदयुक्त खते आणि त्यांचा कच्चा माल यांचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. जगातील ज्ञात फॉस्फेट खडकाचे सर्वांत मोठे साठे मोरोक्कोकडे आहेत. अशा स्थितीत मातीत आधीच साठलेल्या धनाकडे पाठ फिरवून दरवर्षी सवयीने पोते ओतणे, हा शेतकऱ्याच्या घामाचा आणि देशाच्या परकीय चलनाचा अपव्यय ठरतो.

परंतु याचा अर्थ सर्वांनीच खत बंद करावे, असा मुळीच नाही. जिची तिजोरीच रिकामी आहे, त्या जमिनीचे खत तोडले तर उत्पन्न घटेल. कोणाची तिजोरी भरलेली आणि कोणाची रिकामी, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी माती परीक्षण हवे. शेणखताची जोड हवी. आणि काय दिले, काय नेले, याची वही प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी हवी. घरखर्चाची वही जपणाऱ्या समाजाला भूमातेच्या खात्याची वही ठेवणे जड का जावे?