बीसीजीची खूण आणि क्वचित उद्भवणारे त्रास

बाळ जन्मताच त्याच्या डाव्या दंडावर क्षयरोगाची बीसीजी लस टोचतात. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केलेली ही लस 1921 साली पॅरिसमध्ये प्रथम दिली गेली. तिच्यात जिवंत, पण दुबळे केलेले जंतू असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, ती फुटून लहानशी जखम होते आणि मागे व्रण उरतो. हे सगळं अपेक्षितच आहे. त्यावर मलम, हळद काही लावू नये. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी.

क्वचित मात्र तिथे मोठं गळू होतं, काखेतली गाठ सुजून पिकते किंवा व्रण जाड होऊन वाढतो. त्याहून दुर्मीळ म्हणजे त्वचेचा क्षय, ल्युपस व्हल्गॅरिस. यात लसीच्या जागी तांबूस-तपकिरी चट्टा येतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू पसरत जातो. त्वचेचा तुकडा तपासून निदान होतं आणि क्षयरोगाच्या औषधांनी तो बरा होतो.

जखम लांबली, चट्टा वाढला किंवा काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना दाखवा. पण या भीतीपोटी लस टाळू नका. बाळांना होणाऱ्या मेंदूच्या क्षयापासून ती संरक्षण देते.