रोजकीर्द, खतावणी आणि फिरत्या चकत्या

पेढीवरील मुनीम आधीं रोजकीर्द लिहितो व मग सवडीनें खतावणी करितो. हा क्रम ज्यांस ठाऊक आहे त्यांना आजच्या बँकेंतील डेटाबेस कसा चालतो हें समजण्यास अडचण पडूं नये. झालेला व्यवहार डेटाबेस प्रथम एका नोंदवहींत ओळीनें उतरवितो. ती नोंद पक्की झाली म्हणजे खातेदारास 'रक्कम जमा झाली' असें कळवितो, आणि खात्याचें मूळ पान मागाहून सुधारतो.

या दोन कामांची प्रकृति भिन्न आहे. रोजकीर्दींत लेखणी ओळीमागून ओळ सरळ चालते. खतावणींत कधीं हें पान, कधीं तें पान असें शोधावें लागतें. हार्ड डिस्कला हा भेद फार जाणवतो. मिनिटास १५,००० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ४ मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे २ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारें शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी तीनचार. म्हणून विखुरलेल्या जागीं लिहावयाचें तर ती सेकंदास सुमारें १८० क्रियाच करूं शकते. रोजकीर्द व खतावणी एकाच चकतीवर ठेवल्यास सरळ चालणारी लेखणीहि पानें चाळीत बसते. दोहोंस निराळ्या चकत्या द्याव्या, हा पहिला नियम.

दुसरा प्रश्न चकत्यांच्या जुळणीचा. अनेक स्वस्त चकत्या एकत्र बांधून, एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत राखण्याच्या 'रेड' पद्धतीचे प्रकार १९८८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनीं मांडले. प्रत्येक चकतीची जुळी प्रत ठेवली तर एका लेखनास दोन क्रिया पडतात. 'रेड ५' मध्यें प्रतीऐवजीं ताळ्याचा आंकडा ठेवितात. त्यानें जागा वांचते; परंतु लहानशी नोंद बदलावयाची तरी जुनी नोंद व जुना ताळा वाचणें, नवी नोंद व नवा ताळा लिहिणें, अशा चार क्रिया होतात. सेकंदास ९०० नोंदी लिहावयाच्या असल्यास जुळ्या पद्धतीस १० चकत्या पुरतात, रेड ५ ला २० लागतात. किती माहिती मावेल एवढेंच पाहून खरेदी करणारा येथेंच फसतो.

तिसरी गोष्ट कॅशची, आणि खरी जोखीम तिच्यांतच आहे. कंट्रोलर नोंद आपल्या स्मरणांत घेऊन 'लिहिलें' असें तत्काळ कळवितो व चकतीवर नंतर उतरवितो. यानें वेग पुष्कळ वाढतो. मात्र त्या स्मरणास बॅटरीचा आधार नसेल आणि वीज गेली, तर जी रक्कम जमा झाली म्हणून सांगितलें ती वहींत सांपडतच नाहीं. बॅटरी नसेल किंवा क्षीण झाली असेल तर ही सवलत बंद ठेवावी. चकतीच्या अंगच्या कॅशलाहि हाच नियम लागू आहे.

आतां पुष्कळ ठिकाणीं न फिरणारी फ्लॅश साठवण आली असून ती विखुरलेली नोंद सुमारें ०.१ मिलिसेकंदांत वाचते. पानें चाळण्याचा त्रास बहुतेक संपला. पण रेड ५ च्या चार क्रिया संपल्या नाहींत, आणि वीज जाण्याचा धोकाहि संपला नाहीं. जुळणी करणारानें वेगाचा हिशेब अवश्य करावा. मात्र खातेदारास 'जमा' म्हणण्यापूर्वीं नोंद वीज गेली तरी टिकेल अशा जागीं पोंचली आहे, एवढें आधीं पाहावें.