अब्राहामाचें असत्य

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही धर्मांचे लोक ज्याला श्रद्धेचा आदर्श मानितात, तो अब्राहाम दोनदां असत्य बोलला. ‘उत्पत्ति’ या ग्रंथाच्या १२ व्या व २० व्या अध्यायांत तो वृत्तान्त आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाची लाज ग्रंथकारानें झांकली नाहीं, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

वयाच्या ७५ व्या वर्षीं देवाच्या शब्दावर विसंबून त्यानें हारान सोडलें. त्याच्यापासून मोठें राष्ट्र होईल, असें तें वचन होतें. पुढें कनान देशांत दुष्काळ पडला आणि तो मिसर देशांत उतरला. पत्नी सारा रूपवती. तिच्यापायीं आपला जीव जाईल या भयानें त्यानें तिला आपली बहीण म्हणविलें. तिला राजवाड्यांत नेण्यांत आलें आणि त्याला मेंढरें, गुरें, उंट व दासदासी मिळाल्या. भय पुरुषाचें, किंमत स्त्रीनें मोजावयाची! तिला काय वाटलें, याविषयीं ग्रंथ मूक आहे.

देवानें फारोच्या घरावर पीडा आणून तिला सोडविलें. पण अब्राहामाला बोल लाविल्याचें कोठें नाहीं. त्याचे कान उपटले ते फारोनें. वचन मात्र कायम राहिलें.

पुढें तो ९९ वर्षांचा झाला. वर्षभरांत सारेला पुत्र होईल, असेंही त्याला सांगण्यांत आलें. आणि तरी गरार येथें तेंच असत्य पुन्हां! राजा अबीमलेख यानें सारेला नेलें, पण तिला स्पर्श होण्यापूर्वींच देवानें त्याला स्वप्नांत सावध केलें. राजानें जाब विचारिला, तेव्हां अब्राहाम म्हणाला कीं या स्थळीं देवाचें भय नसेल असें वाटलें. शिवाय ती आपल्या बापाची मुलगी आहेच, आईची मात्र नव्हे. अर्ध्या सत्याखालीं असत्य झांकण्याची ही कला शाळेंतल्या पोरांनाही अवगत असते. देवाचें भय होतें तें अबीमलेखाला. अब्राहामाला भय होतें माणसांचें.

ही सहनशीलता म्हणजे दुर्लक्ष नव्हे. परक्या राजापुढें खालीं मान घालून उभें राहणें, ही शिक्षा थोडी नव्हे. परंतु त्याच अब्राहामाला देव आपला संदेष्टा म्हणतो, आणि ज्याला फसविलें त्याच्यासाठींच प्रार्थना करण्याचें काम त्याच्याकडे सोंपवितो. अबीमलेखाच्या घरच्या स्त्रियांना वांझपण आलें होतें. अब्राहामानें प्रार्थना केली व त्यांना मुलें झालीं. सारेची कूस तेव्हां रिकामीच होती.

पुढल्याच अध्यायांत इसहाकाचा जन्म आहे. अब्राहाम त्या वेळीं १०० वर्षांचा होता.