किटामध्ये मराठी पोर

नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या आईबाबांना घोर लागतो तो लेकराच्या भाषेचा. तिथं ऑगस्ट २०१३पासून वर्ष पूर्ण केलेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायद्यानं हक्क आहे. या पाळणाघराला तिकडे ‘किटा’ म्हणतात. हक्क असला तरी मोठ्या शहरांत ताटकळावं लागतं, तेव्हा नाव लवकर नोंदवा.

सुरुवातीचे काही दिवस आई किंवा बाबा तिथंच बसतात. मूल वाळूत खेळतं, मधूनच मान वळवून आपलं माणूस आहे ना ते बघतं, मग पुन्हा बादली भरायला लागतं. कित्येक मुलं आठवडेच्या आठवडे चकार शब्द काढत नाहीत. ती ऐकत असतात. ‘बोल ना, बोल’ म्हणून त्यांच्या मागे लागू नका.

जर्मन कानावर पडावं म्हणून टीव्हीचाही उपयोग होतो: रविवारी सकाळी मुलांसाठी उंदराचा एक कार्यक्रम लागतो, १९७१पासून सुरू असलेला. तो शेजारी बसून दाखवा. वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणा.

घरात मात्र बिनधास्त मराठीच बोला. आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनपेक्षा आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर रंगलेलं भांडण केव्हाही बरं!