घरचा अभ्यास आणि शाळेची अपेक्षा



केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तक्रार हटकून ऐकू येते : "पालक घरी अभ्यास घेत नाहीत." तक्रार खोटी नाही. परंतु ज्या आईने कधी पाटी हाती धरली नाही, तिने अभ्यास घ्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे तिला कोणी सांगितलेले असते काय? मग ती आपल्या परीने मुलाला दटावते, नाही तर ऐपतीबाहेर जाऊन शिकवणी लावते.

वास्तविक निरक्षर आईलाही एक काम उत्तम जमते, ते ऐकण्याचे. दुसरीतील मूल धडा मोठ्याने वाचू लागले की ते कोठे अडखळले, कोठे शब्द गिळला, हे तिच्या कानाला कळते. भाकरी थापता थापता तिने "मग पुढे काय झाले?" एवढेच विचारावे. वाचलेले समजले की नुसता उच्चार झाला, याचा उलगडा तेथेच होतो. मूल घरच्या बोलीत उत्तर देईल. देऊ द्यावे, शुद्धलेखनाची वेळ निराळी.

गणिताचे साहित्य तर घरात आयते येते. बारामती-इंदापूर भागात दूध घालणाऱ्या घरी संकलन केंद्राची पावती असते. तीवर लिटर, फॅट, दर व रक्कम असे आकडे असतात. पाचवीतील मुलाने ती रोज वाचून दाखवावी. साडेचार लिटर दूध आणि लिटरला ३० रुपये दर धरला, तर १३५ रुपये होतात. वडील हा हिशेब तोंडी करतात, मुलगा वहीत करील. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कोणाची हे शोधण्यात घर रंगून जाईल.

खरा अवघड प्रश्न कोप्यांवरचा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोडणी कामगार मुलाबाळांसह येथे उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोघे पहाटेच फडावर जातात आणि तान्ह्याला सांभाळावयास मागे राहते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. गृहपाठ केला नाही म्हणून तिला वर्गात उभे करणे हा सरळ अन्याय होय. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने तिला वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार दिला आहे. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने, पालकांना नियमितपणे भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगण्याचे कर्तव्य शिक्षकांवर सोपविले आहे. ही भेट सकाळी ११ वाजता शाळेत ठेवली, तर येणाऱ्याची मजुरी बुडते. संध्याकाळी कोपीपुढे चूल पेटते, त्या वेळी शिक्षकांनीच जावे.

जाताना तक्रार नेऊ नये, मुलीची वही न्यावी. तिने लिहिलेल्या चार ओळी आईसमोर तिच्याकडूनच वाचून घ्याव्यात. गृहपाठही घर पाहून द्यावा. दहा ओळी उतरवून काढण्यापेक्षा "गाडीत किती मोळ्या भरल्या ते विचारून ये", "आईकडून एक कोडे ऐकून ये" असे सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी ते आठवणीने विचारावे.

हंगाम संपून कुटुंब परत निघण्यापूर्वी मुलगी काय शिकली याची नोंद शिक्षण हमी कार्डावर करून ते आईच्या हाती द्यावे. गावाकडच्या शाळेत ते कोणाला दाखवावयाचे, हे मात्र तिला तोंडी सांगावे. कार्डावरील मजकूर तिला वाचता येणार नाही.