टाका घालण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



मी एक सामान्य शल्यचिकित्सक. तालुक्याच्या गावी माझे वीस खाटांचे रुग्णालय आहे. वक्तृत्वाशी माझा संबंध नाही. तथापि चिटणिसांनी आग्रह धरला की, वैद्यकाच्या अभ्यासक्रमास जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना चार शब्द सांगावेत. आपल्या पुष्कळ कुटुंबांची मुलेबाळे आज अमेरिकेत आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी आलेल्या नातवंडांस ‘जरा दवाखान्याचा अनुभव द्या’ म्हणून माझ्यासारख्यांकडे पाठविण्याचा प्रघात पडला आहे. म्हणून हाच विषय मी निवडला. त्यात मला एक कबुलीही द्यावयाची आहे.

प्रथम तेथील रीत सांगतो. आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर प्रवेश ठरतो. अमेरिकेत बहुधा चार वर्षांची पदवी घेतल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करता येतो. ‘एमकॅट’ नावाची परीक्षा असते. तिचे सर्वाधिक गुण 528. परंतु केवळ गुणांनी दार उघडत नाही. बहुतेक महाविद्यालये ज्या सामाईक अर्जाने प्रवेश देतात, त्यात विद्यार्थ्याने आपले जास्तीत जास्त पंधरा अनुभव लिहावयाचे असतात. त्यांपैकी तीनपर्यंत विशेष अर्थपूर्ण म्हणून निवडावयाचे, किती तास काम केले तेही नमूद करावयाचे आणि त्याची ग्वाही देणारी व्यक्ती कोण तेही कळवावयाचे. पुढे मुलाखत होते. या मुलाने रोगी माणूस जवळून पाहिला आहे काय, आणि पाहूनही त्याला हाच व्यवसाय हवा आहे काय, हे त्यांस जाणून घ्यावयाचे असते.

हा अनुभव मुख्यतः तीन प्रकारचा. पहिला, डॉक्टरांच्या मागे सावलीप्रमाणे उभे राहून पाहणे. तेथे हात लावावयाचा नाही, केवळ डोळे व कान उघडे ठेवावयाचे. दुसरा, स्वयंसेवा. रुग्णालयात, मोफत दवाखान्यात किंवा मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या ‘हॉस्पिस’ संस्थांत ती करता येते. तेथील सरकारी विमायोजनेचा नियमच असा की, मान्यताप्राप्त हॉस्पिसने रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान पाच टक्के इतके काम स्वयंसेवकांकडून करून घेतले पाहिजे. तेव्हा मनापासून येणाऱ्या मुलास तेथे दार सहसा बंद नसते. तिसरा प्रकार पगारी कामाचा. रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञ, डॉक्टरांची टिपणे उतरवून घेणारा लेखनिक अथवा परिचारिकांचा मदतनीस होता येते. मदतनिसाच्या शिक्षणास तेथील कायद्याने निदान 75 तास ठरविले आहेत.

आता ती कबुली.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा असाच सहा आठवड्यांसाठी आला. मुलगा हुशार, नम्र, कामाचा. एके दिवशी एक वृद्ध शेतकरी विळ्याने पोटरी कापून घेऊन आला. मी जखम धुतली, बधिर केली, चार टाके घातले; आणि शेवटचे दोन घालावयास सुई भाच्याच्या हाती दिली. त्याचा हात थरथरला नाही. शेतकरी म्हणाला, “पोरगं लई हुशार दिसतंय, डागदरसाहेब.” मी हसलो. आपल्या बहिणीच्या मुलास तिकडे कोणी देणार नाही असा अनुभव आपण दिला, याचा मला अभिमानच वाटला.

भाच्याने तो प्रसंग आपल्या अर्जात मोठ्या उमेदीने लिहिला. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, “टाके घालणारा डॉक्टर नाही, हे त्या वृद्धास ठाऊक होते काय?” भाच्याने खरे तेच सांगितले : नव्हते. त्या वर्षी त्याला कोठेच प्रवेश मिळाला नाही. नकाराचे कारण कोणी कळवीत नाही, म्हणून दोष त्या एका प्रसंगाचाच असे मी म्हणणार नाही. परंतु त्याने मला जे पत्र लिहिले त्यात तक्रार नव्हती, एकच ओळ होती : “मामा, आपण त्यांना विचारलेच नव्हते, नाही का?”

बंधुभगिनींनो, या ओळीने माझी झोप उडविली. पुढे कळले की, परदेशी जाऊन रुग्णांवर आपल्या शिक्षणापलीकडचे उपचार करू नयेत, असा इशारा अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने विद्यार्थ्यांस दिलेलाच आहे. जे तिकडे करण्यास मनाई, ते इकडे गरिबाच्या अंगावर शिकावे, ही कल्पना मुळातच अनुचित आहे. तिला मी आप्तप्रेमाचे नाव दिले होते.

भाचा खचला नाही. त्याने मदतनिसाचे शिक्षण घेतले आणि एका वृद्धशुश्रूषागृहात वर्षभर नोकरी केली. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस पालटणे, घास भरविणे, मलमूत्र काढणे, हे त्याचे काम. शनिवारी हॉस्पिसमध्ये स्वयंसेवा. मी बहिणीकडे गेलो असता त्याला आणावयास तेथे गेलो आणि बाहेरच्या बैठकीत थांबलो. मार्गिकेतून त्याचा आवाज येत होता. प्रत्येक दारावर तो टकटक करी, आपले नाव सांगे आणि म्हणे, “मी डॉक्टर नाही, मदतनीस आहे. आत येऊ का?” तीस वर्षांच्या व्यवसायात इतक्या अदबीने मी कोणाच्या खाटेपाशी गेलो होतो, हे मला आठवेना.

पुढल्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला. तो मिळाला नसता तरी ते वर्ष वाया गेले असे मी म्हटले नसते.

परत आल्यावर तो वृद्ध शेतकरी मधुमेहाच्या तपासणीस आला, तेव्हा मी त्याला सारे खरे सांगितले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मग तवाच सांगायचं की. मी हो म्हटलं असतं.” यापेक्षा मोठी शिक्षा मला कोणी केली नाही.

विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी जे येथेच शिकणार आहेत त्यांनी ‘आम्हांस याचे काय’ असे म्हणू नये. 2019 पासून आपल्या अभ्यासक्रमातही पहिल्या वर्षापासूनच रुग्णांशी परिचय घडवून आणण्याची योजना झाली आहे. पण त्याआधीही घरातील आजीचे पथ्यपाणी, शेजारच्या क्षयरोग्यास औषधाची आठवण, सरकारी इस्पितळात वाट चुकलेल्या खेडुतास योग्य खिडकीपर्यंत पोचविणे, यास कोणाची परवानगी लागते? डॉ. आनंदीबाई जोशी 1883 साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्याजवळ तासांचा हिशेब नव्हता. पण दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या मातेस आजारपण म्हणजे काय हे शिकवावे लागले नव्हते.

अनुभव घेणाऱ्यांस माझे सांगणे थोडके आहे. महिनाभर गर्दी करण्यापेक्षा आठवड्याला तीन तास, पण दोन वर्षे सातत्याने जा. रोज रात्री वहीत तारीख, तास आणि मनास काय वाटले ते लिहा; रुग्णाचे नाव मात्र कधीही लिहू नका. आपण कोण आहोत हे रुग्णास प्रथम सांगा. आणि काम पाहून मन विटले, तर तसे प्रांजळपणे घरी सांगा. पालकांनीही ते ऐकून घ्यावे. नको असलेल्या व्यवसायात आयुष्य काढण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

शेवटी ज्ञातिबांधवांस एक विनंती. न केलेल्या तासांच्या दाखल्यावर सही मागण्यास माझ्याकडे आप्त येतात. नकार दिला म्हणून एका घरचे लग्नाचे आमंत्रण मला आले नाही. त्याचे दुःख झाले, पण पश्चात्ताप नाही. आपल्या मंडळातील डॉक्टरांनी एक यादी करावी : मुलांस शेजारी उभे राहून पाहू देऊ, प्रश्नांची उत्तरे देऊ, पण रुग्णाच्या संमतीवाचून त्यांस खोलीत घेणार नाही, सुई हाती देणार नाही आणि खोटी सही करणार नाही. त्या यादीत पहिले नाव माझे घालावे. ज्ञातीचे नाते मुलास दारापर्यंत नेण्यापुरते असावे; आत येऊ का, हे त्याने रुग्णासच विचारले पाहिजे.