शाळेची वाट : जमा आणि नावे
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. निम्मे आयुष्य जमा आणि नावे लिहिण्यात गेले. म्हणून भोर-वेल्ह्याकडील मुलांच्या शाळेच्या वाटेचा हिशेबही आज त्याच रीतीने मांडतो. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास २०२४ साली मंत्रिमंडळाने मान्यता दिली. आमच्या तोंडी मात्र अजून जुनेच नाव येते.

आमचे हायस्कूल पायी झाले. डोंगराच्या कुशीतल्या वाडीतून उतरायचे, ओढा ओलांडायचा, अडीच किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी तेवढेच चढून यायचे. पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ आणि दप्तर पोटाशी. व्यायाम हा शब्द आम्ही फक्त पी.टी.च्या तासाला ऐकला. आज आमचा मुलगा एक किलोमीटरवरच्या शाळेत आमच्या स्कूटरवरून जातो. गेल्या वर्षी रायरेश्वर चढताना तो शिडीपर्यंत पोचण्याआधीच तीनदा बसला. चूक त्याची नाही, आमच्या स्कूटरची आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, श्वास जोरात चालेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाची दर १०० पैकी ८१ मुले तेवढी हालचाल करीत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ होते. आता पाहा, शाळा दोन किलोमीटरवर असेल तर झपाझप चालत जाण्यायेण्यात पाऊण-एक तास सहज होतो. फी नाही, मैदान नाही, साहित्य नाही. अर्थात रमतगमत चालणे यात धरता येणार नाही. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस धावणे, खेळणे, हाडे व स्नायू बळकट करणे हेही हवेच.

मात्र नावेची बाजू लपवली तर हिशेब खोटा ठरेल. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. नववीपासून हे बंधन नाही. शाळेतील पोषण आहारही आठवीलाच थांबतो. म्हणजे वाट लांबते, नेमके तेव्हाच ताट उचलले जाते! देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. उपाशीपोटी चढलेल्या डोंगराला व्यायाम कसे म्हणावे?

आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी नववीत असताना ओढ्याला पूर आला म्हणून आठ दिवस घरी राहिली. ती पुन्हा शाळेत आलीच नाही. तेव्हा आमच्या पायपिटीचे गोडवे गाताना आमची जीभ अडखळते.

म्हणून मित्रहो, चालणे हवे, पण सक्तीचे नको. ज्यांची शाळा जवळ आहे त्यांनी गाडी घरी ठेवावी. ज्यांची दूर आहे त्यांना एसटी मिळालीच पाहिजे. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे. पण शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचे? आपल्या संस्थेने प्रत्येक वाडीतील मुलांची यादी व शाळेची वेळ लिहून भोर आगाराला अर्ज द्यावा. अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे. घरात पडून असलेल्या सायकली दुरुस्त करून द्याव्यात. मोठ्या मुलांनी लहानांना बरोबर घेऊन निघावे. आणि मातांनो, मुलीला भाकरी खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देऊ नका. दप्तरही वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावे.

एवढे केले तर शाळेची वाट जमेच्याच बाजूला राहील.